बहारुद्दीन यांचा नंबर

नाव : रोकियाह बिंती हाशिम. वय : ६९ वर्षे. धंदा : घरी कुई, म्हणजे नारळ आणि तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, करून सकाळी विकणे. राहणार : तिसरी गल्ली, तामान चेंपाका, इपोह.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी लग्न होऊन आल्यापासून वरील पत्त्यावर राहते. माझे पती बहारुद्दीन बिन तालिब हे पाणीपुरवठा खात्यात फिटर होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगी लग्न होऊन कुआंतानला असते. घरी मी एकटीच.

काल सोमवारी सकाळी एक पोलीस शिपाई माझ्या दारात आले. कुईचा पहिला घाणा वाफेवर होता. त्यांनी विचारले, "बहारुद्दीन बिन तालिब इथंच राहतात ना? त्यांना बाहेर बोलवा, जबाब घ्यायचाय." मी म्हणाले, "ते आता मशिदीमागच्या कबरस्तानात राहतात. तुम्हाला जरा लांब पडेल." शिपाई वयाने लहान होते. त्यांनी आधी टोपी काढली, मग कशासाठी आलो ते सांगितले.

त्यांच्याकडून कळले की, माझे शेजारी यो कोक सेंग, वय ७४, रेल्वेचे निवृत्त सिग्नलवाले, यांनी शुक्रवारी ठाण्यात फिर्याद दिली आहे. फिर्यादीत असे आहे की, आमच्या तामानच्या, म्हणजे वसाहतीच्या, सार्वजनिक मैदानावर नंबर लावून थांबलेल्या आठ जणांना कुमरेसन नावाच्या इसमाने जबरदस्तीने बाहेर काढले व त्यांतील एकास इजा केली. आठांची नावे दिली आहेत. पहिले यो यांचे स्वतःचे, दुसरे माझ्या पतीचे. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा आठांपैकी चार जण मयत निघाले, दोघे गाव सोडून मुलांकडे गेलेले आणि एक वृद्धाश्रमात, ज्यांना स्वतःचे नावही आठवत नाही. त्यामुळे फिर्याद खोटी असल्याचा संशय आहे, आणि खोटी फिर्याद देणे हा गुन्हा असल्याने यो यांना ठाण्यात आणून बसवावे लागेल, असे शिपाई म्हणाले. यो यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या बायकोशिवाय दुसरे कोणी नाही. म्हणून मी आज विक्री बंद ठेवून स्वतःहून आले आहे. सार्जंट अझमान साहेब हा जबाब लिहून घेत आहेत. ते शाळेत असताना फाटकाबाहेर माझ्या हातचीच कुई खात होते, तेव्हा मी खोटे बोलत नाही हे त्यांना माहीत आहे.

मैदानाबाबत विचारल्यावरून सांगते की, ते पूर्वी मैदान नव्हते, डबके होते. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तामानच्या लोकांनी श्रमदान करून ते बुजवले, त्यावर सिमेंट टाकले आणि बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा मारल्या. मलय, चिनी, तमिळ, सगळ्यांनी घमेली वाहिली. बायकांनी भात शिजवला, चिनी बायकांनी आपला वेगळा शिजवला आणि शेवटी सगळ्यांनी दोन्ही खाल्ले. दिव्यासाठी वायर यो यांच्या स्वयंपाकघरातून ओढली होती, कारण त्यांचे घर मैदानाला लागून आहे. त्यांच्या बायकोने, स्यू हार यांनी, आतून बटण बंद केले की खेळ संपला. त्यावर कोणी हुज्जत घालत नसे.

संध्याकाळी कामावरून आलेले पुरुष आंघोळ न करता मैदानावर जात. मगरिबची बांग झाली की सगळे थांबत, चिनी आणि तमिळसुद्धा, आणि बांग संपेपर्यंत नेटला टेकून विड्या ओढत. माझे पती नमाज पढून परत जात. ज्या वर्षी आपण बॅडमिंटनचा थॉमस कप जिंकला, त्या वर्षी तर गल्लीतली कोंबडीसुद्धा त्या रेघेच्या आत आली की लोक "इन! इन!" म्हणून ओरडत. त्या संध्याकाळी आता कुठे मिळणार? साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हणाले, हे लिहिले नाही तर पुढचे तुम्हाला कळणार नाही.

नंबर लावण्याची रीत अशी होती. येणाऱ्याने आपली रॅकेट फाटकापासून कुंपणाला टेकवून उभी करायची. मग त्याने घरी जावे, जेवावे, पोराला शिकवणीला सोडून यावे, कोणी विचारत नसे. रॅकेट उभी आहे म्हणजे तो माणूस तिथे उभा आहे, असे धरले जाई. नंबर आला की हाक मारायची ती माणसाच्या नावाने, आणि तो धावत येई. दुसऱ्याच्या रॅकेटला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. मात्र रॅकेट रांगेत नसेल आणि माणूस मैदानात समोर उभा असेल, तरी त्याला नंबर नाही. हे कुठे लिहिलेले नव्हते आणि लिहायची वेळही कधी आली नाही.

माझे पती आणि यो कोक सेंग हे डबल्समधले जोडीदार. माझे पती म्हणायचे, "यो, तू नेटजवळ उभा राहा, बाकीचं मैदान माझं." यो म्हणायचे, "मैदान तुझं, पॉइंट माझे." यो बोलायला कंजूष, दिवसाकाठी तेवढेच बोलत. माझ्या पतीची रॅकेट जुनी, लाकडी होती. सगळ्यांनी नव्या हलक्या रॅकेटी घेतल्या तरी त्यांनी ती सोडली नाही. तिच्या मुठीला माझ्या नेसायच्या निळ्या बाटिक सारोंगची पट्टी गुंडाळली आहे. फाडताना मला विचारले नव्हते. सारोंग लग्नातला होता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या तुकड्याची पट्टी मीच शिवून दिली, सुटू नये म्हणून.

स्यू हार यांनी आयुष्यात रॅकेट हातात धरली नाही, पण पंच त्याच होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी मैदानावर उघडते. पाठ मैदानाकडे, हातात मासा, कढईत तेल, आणि तिथून त्या ओरडत, "सर्व्हिस गेली!" शटल जोरात मारले, हळूच टाकले की नेटमध्ये गेले, हे त्यांना नुसते ऐकून कळे. वाद झाला की माझे पती म्हणत, "खिडकीला विचारा." खिडकीने सांगितले ते शेवटचे. मी त्यांना एकदा विचारले, हे जमते कसे? त्या म्हणाल्या, "अगं, यात काय आहे? एवढा हळू खेळ. मध्ये विचार करायला वेळ मिळतो."

ते लोक पांगले. कोणी वारले, कोणाला मुलांनी नेले. घरच्यांनी रॅकेटी यो यांच्याकडे आणून दिल्या. कोणी ठरवून केले नाही. मीही पतीची रॅकेट चाळीस दिवस झाल्यावर त्यांना नेऊन दिली. घरात समोर दिसली की माझे कामात लक्ष लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने मैदानावर नव्या निळ्या रेघा मारल्या आणि तिथे पिकलबॉल सुरू झाला. फळीसारखी बॅट असते आणि भोके पाडलेला कडक प्लास्टिकचा चेंडू. मी त्या खेळाच्या विरुद्ध नाही. बुधवारी सकाळी बायकांबरोबर मीही खेळते. माझ्या गुडघ्यांना बॅडमिंटन झेपत नाही, हे झेपते, आणि मजाही येते. पण आवाज मोठा आहे. शेजारणीने दिवसभर खलबत्त्यात कुटावे तसा तो टॉक टॉक चालतो, आणि सकाळपासून दिवे बंद होईपर्यंत थांबत नाही. बॅडमिंटनचा आवाज गल्लीच्या तोंडाशीही येत नसे. हा मला माझ्या न्हाणीघरात ऐकू येतो.

तक्रारी झाल्या. नगरपालिकेने वेळेची पाटी लावली. मग यो यांच्या बाजूच्या कुंपणावर जाड करडा पडदा बसवला. आवाज पडद्यावरून उडी मारून यायचा तो आलाच, खिडकीचा उजेड आणि वारा मात्र गेला. यो यांनी स्वतः अर्ज करून तो पडदा काढायला लावला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला हेही नको आणि तेही नको. मग मऊ फोमचे चेंडू आणले. खेळणारे म्हणाले, "हा काय चेंडू आहे? टोफू आहे नुसता." चार दिवसांत ते चेंडू कुत्र्यांकडे गेले. समाजमंदिरात बैठक झाली, तिथे कोणीतरी मागून म्हणाले, "अंकल, कानात कापूस घाला की." यो म्हणाले, "माझ्या कानात घालून काय होणार?" सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर पिकलबॉलवाल्यांच्या बॅटींच्या त्याच रांगेत यो रॅकेटी लावू लागले. पहिल्या दिवशी स्वतःची एकच. त्यांचा नंबर आला तेव्हा ते आत गेले, मैदानातल्या बाकावर बसले आणि हात जोडून नुसते समोर बघत राहिले. एक जण म्हणाला, "अंकल, खेळणार ना?" "खेळतोय." "कोणाशी?" "तुला काय करायचंय? नंबर माझा आहे." एका गेमला लागतो तेवढा वेळ बसले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी दोन रॅकेटी, मग चार, मग आठ. एकामागून एक आठ नंबर ते तसेच बसून काढत. दिवेलागणीचा जवळजवळ सगळा वेळ त्यात जाई. रीत मोडली नव्हती, त्यामुळे जुन्या कोणाला काही बोलता येईना. मी त्यांना चिडवले, "काय यो, भुतांबरोबर डबल्स खेळता का?" ते म्हणाले, "सिंगल्सपेक्षा बरं." मला वाटले, एकटेपणाने त्यांचे डोके फिरले आहे.

शुक्रवारच्या घटनेबाबत सांगते की, त्या संध्याकाळी मी फाटकाजवळ कुईचे ताट घेऊन बसले होते. कुमरेसन हे बँकेत नोकरीला आहेत. वर्षापूर्वी बदली होऊन क्वालालंपूरहून आले. माणूस वाईट नाही, वजन उचलायला न सांगता हात लावतो. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या तामानचे पाहुणे सामन्याला बोलावले होते. कुंपणाला आठ रॅकेटी उभ्या होत्या. यो बायकोला पेज भरवायला घरी गेले होते. कुमरेसन यांनी दोनदा विचारले, "हे भंगार कोणाचं?" पाहुणे घड्याळ बघत होते. मी नळावर ताट धूत होते. वळून पाहिले तर कुमरेसन यांनी आठही रॅकेटी लाकडाच्या मोळीसारख्या काखेत मारल्या होत्या.

मी ओरडले, "अरे, त्या माणसांना कुठं नेतोस?"

"कुठली माणसं, मकचिक?" मला मावशी म्हणून हाक मारत ते हसून म्हणाले, आणि फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या लोखंडी पिंजऱ्यात त्यांनी रॅकेटी उभ्या केल्या. पिंजऱ्याचे झाकण आपोआप पडते, नव्या माणसाला ते माहीत नसते. झाकण पडले आणि लाकूड मोडल्याचा आवाज आला.

यो आले तेव्हा त्यांचे हात पेजेने ओले होते. त्यांनी रिकामे कुंपण पाहिले, मग पिंजरा पाहिला. एकेक रॅकेट काढून शर्टाला पुसली. निळ्या पट्टीची सर्वांत शेवटी निघाली. तिची मान मोडली होती. मी पुढे गेले नाही, मला जाववले नाही.

कुमरेसन म्हणाले, "सॉरी, अंकल. चुकून झालं. नवी घेऊन देतो, याच्यापेक्षा भारी."

यो म्हणाले, "आठ जण होते इथं. आठही नवे देशील?"

मग ते मला म्हणाले, "रोकियाह, तू जरा तिच्याजवळ बस. मी ठाण्यात जाऊन येतो." मोडकी रॅकेट त्यांनी बरोबर नेली. तीच इथे मुद्देमाल म्हणून जमा आहे.

मी स्यू हार यांच्याजवळ जाऊन बसले. वर्षापूर्वीच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. त्यांचा पलंग स्वयंपाकघरात, खिडकीखाली आहे. दर शुक्रवारी मी कुई नेऊन देते, पण ती सकाळी, तेव्हा त्या झोपलेल्या असतात. बाहेर पाहुण्यांचा सामना सुरू झाला. टॉक आवाज झाला की त्यांच्या डाव्या हाताचे एक बोट वर होई. पुन्हा टॉक, पुन्हा बोट. बोटे संपली की मूठ मिटून पहिल्यापासून. आवाज इतके भरभर येत होते की बोटे मागे पडत. मग त्या डोळे घट्ट मिटून डोके हलवत आणि पुन्हा सुरू करत. कपाळ घामाने डबडबले होते. मला वाटले, कुठे तरी दुखते आहे. मी खिडकी लावली तर त्या घशातून ओरडल्या आणि खिडकीकडे हात करत राहिल्या. मी पुन्हा उघडली. बोटे सुरू झाली. तेव्हा मला कळले की त्या गुण मोजत आहेत.

त्या खेळाचे नियम त्यांना माहीत नाहीत. सकाळपासून दिवे बंद होईपर्यंत त्या रोज हेच करत होत्या. यो यांचे आठ नंबर एवढीच त्यांची सुट्टी होती. मला रडू आले. साहेबांनी विचारले, हे लिहू का? मी म्हणाले, लिहा.

यो ठाण्यातून परत आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. म्हणाले, "बैठकीत सांगायला काय झालं होतं? एका दिवसात खेळ बंद झाला असता!"

"म्हणूनच नाही सांगितलं," ते म्हणाले. "मध्ये मैदान दुरुस्तीला बंद होतं ना, तेव्हा ती दिवसभर खिडकीकडं बघत बसली. जेवली नाही. तिला वाटलं, सगळे गेले."

शनिवारी सकाळी कुमरेसन नेहमीप्रमाणे कुई घ्यायला आले. मी त्यांना आधी चांगले फैलावर घेतले आणि मग सगळे सांगितले. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "मी वाढलो त्या मळ्यावर नंबरासाठी चपला ठेवायचे, मकचिक. रॅकेट सगळ्यांकडे कुठं होती? बाबांची चप्पल कायम पहिली."

मी विचारले, "ती कोणी उचलून कचऱ्यात टाकली असती तर?"

ते म्हणाले, "बाबा एका पायानं घरी आले असते, पण त्याला सोडलं नसतं." मग विचारले, "आता मी काय करू?"

मी म्हणाले, "बॅडमिंटन येतं का?"

रविवारी संध्याकाळी यो यांनी सात रॅकेटी लावल्या. पहिलीनंतर त्यांनी एका रॅकेटीएवढी जागा मोकळी सोडली होती. पहिला नंबर झाल्यावर कुमरेसन त्या जागेकडे बघून थांबले. यो म्हणाले, "रॅकेट नाही तर नंबर नाही. पुढचा घ्या." ते माझ्याकडे न बघता बोलले.

सातही नंबर आम्ही शटलने खेळलो. एका बाजूला यो आणि मी, दुसऱ्या बाजूला कुमरेसन आणि बुधवारच्या गटातल्या एक बाई. बाकीचे पिकलबॉलवाले बाकावर बसून आमची टर उडवत होते. कुमरेसन यांचा फटका बरा आहे, पाय मात्र बँकेत बसलेले आहेत. मी नेटजवळ नुसती उभी होते. यो म्हणाले, "रोकियाह, नवऱ्यासारखं सगळं मैदान मागू नकोस, म्हणजे झालं." त्यांना एवढे लांब वाक्य बोलताना मी बऱ्याच वर्षांनी ऐकले. आवाज होता तो जुना होता, हळू, मध्ये विचार करायला वेळ देणारा.

दुसऱ्या गेममध्ये मी शटल नेटमध्ये मारले. खिडकीतून आवाज आला. शब्द अर्धे होते, पण ज्याने ते आयुष्यभर ऐकले आहेत त्याला कळायला अवघड नव्हते. सर्व्हिस गेली.

यो यांनी खिडकीकडे पाहिले नाही. ते खाली वाकले, शटल उचलायला त्यांना फार वेळ लागला. मग कुमरेसन यांना म्हणाले, "ऐकलंस ना? घे, सर्व्हिस तुझी." बाकावर कोणी हसले नाही.

त्यानंतर आमचे आपसांत ठरले आहे की, दिवेलागणीचे आठ नंबर रोज शटलचे. पिकलबॉल त्याच्या आधी आणि नंतर, आणि नंतरचा मऊ चेंडूने. टोफू चालेल, असे सगळे तोंड वाकडे करून का होईना, म्हणाले आहेत.

सार्जंट साहेबांनी विचारले की, यो कोक सेंग यांची फिर्याद खरी की खोटी? माझे म्हणणे, खरी. त्यांनी हयातभर रेल्वेचा सिग्नल सांभाळला, जे दिसते तेच ते सांगतात. साहेबांनी विचारले, "मकचिक, तुमचे पती शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर हजर होते, असं तुमचं म्हणणं आहे का?" होय. दुसऱ्या नंबरवर. आमच्या मैदानावर हजेरी अशीच धरतात, तामानमधल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. जागेवरून हलवले हे खरे आणि इजा झाली हेही खरे.

मोडलेली रॅकेट माझ्या पतीची असल्याने ती आता माझी आहे. तिच्याबद्दल कुमरेसन यांच्यावर माझी काही तक्रार नाही. यो यांनाही मी विचारले, तेही फिर्याद पुढे चालवू इच्छित नाहीत. त्यांना ठाण्यात आणून बसवू नये. संध्याकाळी पेज भरवायला घरी दुसरे कोणी नाही.

विनंती एकच आहे. मुद्देमाल म्हणून ठेवलेली रॅकेट मला आजच परत द्यावी. मान मोडलेली आहे तशीच चालेल. तिने खेळायला नको, कुंपणाला टेकून उभी राहिली तरी पुरे. शनिवारी, रविवारी नंबर चुकला, काल चुकला. आज दिवेलागणीच्या आत नेली तर मिळेल.

हा जबाब सार्जंट अझमान यांनी मला मलय भाषेत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. शुक्रवारच्या हजेरीच्या परिच्छेदात त्यांनी सवयीने "तुमचे मयत पती" असे लिहिले होते. तेवढ्या ठिकाणचा "मयत" हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे आणि खोडल्या जागी आम्हा दोघांच्या सह्या आहेत. बाकी मजकूर बरोबर आहे.

(सही) रोकियाह बिंती हाशिम
समक्ष : (सही) सार्जंट अझमान
शेरा : मुद्देमाल, लाकडी रॅकेट एक, मुठीला निळी पट्टी, जबाब देणार यांच्या ताब्यात दिली.